संपूर्ण पेशींचे उत्प्रेरण : प्रस्तावना

जिवाणूंकडून रसायने तयार करून घेण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत जिवाणूला साखरेसारखे अन्न पुरवले जाते, तो वाढतो, आणि त्याच्या चयापचयातून, म्हणजे अन्नाचे ऊर्जेत व पेशीद्रव्यात रूपांतर करणाऱ्या अभिक्रियांच्या जाळ्यातून, हवे ते द्रव्य बाहेर पडते. लॅक्टिक आम्ल किंवा ग्लुटामिक आम्ल यांचे उत्पादन किण्वनाच्या या वाटेने होते. दुसऱ्या रीतीत जिवाणू आधी वेगळे वाढवून घेतात, वाढ पूर्ण झाल्यावर ते पोषक द्रवातून काढून घेतात आणि मग एखादे तयार रसायन त्यांना देऊन त्याच्या रेणूत एक-दोन नेमके बदल करवून घेतात. या दुसऱ्या वापरात पेशीने वाढावे अशी अपेक्षा नसते. तिने उत्प्रेरकाचे, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचे, काम करावे एवढेच हवे असते. प्रत्यक्षात ते काम पेशीतील विकरे, म्हणजे प्रथिनरूप उत्प्रेरके, करतात. पण विकर पेशीबाहेर काढून शुद्ध करण्याऐवजी अख्खी पेशीच वापरली जात असल्यामुळे तिला संपूर्ण पेशी जैवउत्प्रेरक असे म्हणतात. जनुक अभियांत्रिकीने या दोन रीतींमधील सीमा पुष्कळच पुसट केली आहे, आणि या ग्रंथाचा विषय त्या पुसट सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे.

ई. कोलाय हा या क्षेत्रातील सर्वांत परिचित जिवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीचा असतो आणि अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याच्या के-१२ या प्रयोगशाळेतील वाणाचा जनुकसंच १९९७ मध्ये संपूर्ण वाचला गेला, तेव्हा त्यात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या आणि सुमारे ४,३०० जनुके असल्याचे दिसून आले. ही सारी जनुके एका पेशीच्या दोन पेशी व्हाव्यात या एकाच कामासाठी उत्क्रांतीत टिकून राहिली आहेत. रसायन कारखान्याला हवे असलेले द्रव्य त्या कामात बहुधा बसत नाही, आणि पुष्कळदा ते पेशीला विषारीच असते. म्हणून या विद्येचा खरा प्रश्न कोणते जनुक कुठे घालावे हा नाही. पेशी किती जिवंत ठेवावी, तिचे स्वतःचे जगणे कुठपर्यंत चालू द्यावे आणि कुठे रोखावे, हा तो प्रश्न आहे. आजवर जे उद्योग यशस्वी झाले त्या प्रत्येकाने या प्रश्नाचे निराळे उत्तर काढले आहे.

हा प्रश्न नवा नाही. लुई पाश्चर यांनी १८५८ च्या सुमारास दाखवून दिले, की टार्टारिक आम्लाच्या आरशातील प्रतिबिंबासारख्या असणाऱ्या दोन रूपांच्या मिश्रणावर एक बुरशी वाढवली, तर ती त्यातले एकच रूप खाते आणि दुसरे तसेच शिल्लक ठेवते. सजीवांची ही निवडक्षमता पेशीच्या जिवंतपणाशीच बांधलेली आहे असे पाश्चर यांचे मत होते. त्यानंतर १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला आणि एकही जिवंत पेशी नसलेला तो रस साखरेचा मद्यार्क करतो हे सिद्ध केले. त्या कार्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विकरे पेशीबाहेरही काम करतात हे एकदा कळल्यावर उद्योगाने पेशीला कायमची रजा दिली असती, तर ते तर्काला धरून झाले असते. तसे झाले नाही. जीवनसत्त्व क चे रासायनिक उत्पादन शक्य करणारी, १९३० च्या दशकात ताडेउश राइखश्टाइन यांनी बसवलेली पद्धत याची साक्ष देते. तिच्यात सॉर्बिटॉलचे सॉर्बोज करण्याची एक पायरी ॲसिटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंच्या कुळाकडे सोपवलेली आहे. सॉर्बिटॉलच्या रेणूत सहा हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांतील नेमक्या एकाचे ऑक्सिडीकरण करायचे तर रसायनज्ञाला उरलेले पाच आधी झाकावे लागतात आणि नंतर उघडावे लागतात, उलट जिवाणू ते एकाच पायरीत, साध्या पाण्यात आणि साध्या तापमानाला करतो.

शुद्ध विकर सोडून उद्योग पुन्हा पेशीकडे वळण्यामागे तीन कारणे आहेत. विकर शुद्ध करण्याचा खर्च टळतो, हे पहिले. पेशीच्या आत विकर त्याच्या सवयीच्या वातावरणात असल्याने अधिक काळ टिकते, हे दुसरे. तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे. अनेक विकरांना, विशेषतः ऑक्सिडीकरण आणि क्षपण करणाऱ्यांना, सहविकर नावाचा छोटा साहाय्यक रेणू लागतो, जो हायड्रोजन व इलेक्ट्रॉन यांची ने-आण करतो आणि एका फेऱ्यात वापरून संपतो; तो प्रत्येक वेळी नव्याने विकत घ्यायचा तर उत्पादनाच्या किमतीपेक्षा त्याचीच किंमत अधिक होईल. पेशीत मात्र ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण होताना हा सहविकर पुन्हा पुन्हा भारला जातो. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांसाठी लागणारी काही मध्यवर्ती संयुगे तयार करताना ई. कोलायमध्ये दोन जनुके एकत्र बसवतात, एक हवे ते क्षपण करणाऱ्या विकराचे आणि दुसरे ग्लुकोज वापरून सहविकर भारणाऱ्या विकराचे. पेशी त्या दोघांना एका आवरणात एकत्र ठेवणारे पात्र बनते.

त्या आवरणाची दुसरी बाजू जपानमधील एका उद्योगाने लवकर ओळखली. तानाबे सेइयाकू या औषध कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ई. कोलायच्या पेशी पॉलिअ‍ॅक्रिलमाइडच्या जेलमध्ये अडकवून, ते जेल उभ्या स्तंभात भरून, वरून फ्यूमॅरिक आम्ल व अमोनिया यांचे द्रावण सोडत खालून ॲस्पार्टिक आम्ल काढण्यास सुरुवात केली. बंदिस्त केलेल्या सूक्ष्मजीव पेशींचा औद्योगिक वापर होण्याची ही पहिली वेळ. तेथे आढळलेली एक गोष्ट या सबंध विषयाच्या मुळाशी नेणारी आहे. जेलमध्ये अडकवलेल्या पेशी उबदार द्रावणात एक-दोन दिवस तशाच ठेवल्या, की त्यांची उत्पादनक्षमता सुमारे दहापट वाढत असे, कारण त्या अवधीत पेशी मरून त्यांची आवरणे आतूनच विरघळू लागत आणि आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या रेणूंची वाट मोकळी होई. विकर जेलमुळे जागच्या जागी राही, आणि पेशी नावापुरतीच उरे. जिवंत पेशीपेक्षा मेलेली पेशी अधिक उपयुक्त ठरण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. अर्थात हे शक्य झाले ते त्या अभिक्रियेला एकच विकर पुरते आणि सहविकर लागत नाही म्हणूनच.

ज्या जेलमध्ये त्या पेशी अडकवल्या होत्या, त्या जेलचा घटक असलेले अ‍ॅक्रिलमाइडच पुढे जिवाणूंकडून तयार होऊ लागले, आणि ते या शाखेचे सर्वांत मोठे यश ठरले. अ‍ॅक्रिलमाइडपासून मिळणारे बहुवारिक पाणी निवळण्यासाठी, कागद उद्योगात आणि खनिज तेलाच्या विहिरींत वापरले जाते. पूर्वी हे अ‍ॅक्रिलमाइड अ‍ॅक्रिलोनायट्राइल व पाणी यांच्यापासून तांब्याच्या उत्प्रेरकावर, उच्च तापमानाला बनवत. मागे उरलेले अ‍ॅक्रिलोनायट्राइल वेगळे करून परत फिरवावे लागे आणि तांब्याचे अंशही काढावे लागत. क्योतो विद्यापीठात हिदेआकी यामादा आणि सहकाऱ्यांना १९८० च्या सुमारास नायट्राइलला थेट पाणी जोडणारे एक नवे विकर सापडले, ज्याला नायट्राइल हायड्रेटेज हे नाव मिळाले. त्याच्या आधारावर निट्टो या जपानी रसायन कंपनीने १९८५ मध्ये ऱ्होडोकॉकस कुळातील एन-७७४ या वाणाने कारखान्यात उत्पादन सुरू केले, १९८८ मध्ये त्याची जागा स्यूडोमोनास क्लोरोराफिस बी-२३ ने घेतली आणि १९९१ पासून ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रूस जे-१ हा वाण आला. प्रारंभी वर्षाला सुमारे ४,००० टन असलेले उत्पादन जे-१ आल्यावर सुमारे ३०,००० टनांवर गेले, आणि द्रावणातील अ‍ॅक्रिलमाइडचे प्रमाण पहिल्या वाणाच्या वेळी सुमारे २० टक्के होते ते पुढे ५० टक्क्यांपर्यंत पोचले.

या यशात नव्या जनुकांची जोडणी नव्हती, हे नीट लक्षात घेण्यासारखे आहे. मातीतील असंख्य जिवाणूंमधून योग्य वाण हुडकणे आणि त्याला नेमके कसे वाढवावे हे शिकणे, यांतच ते यश होते. जे-१ च्या पोषक द्रवात कोबाल्टचा क्षार आणि यूरिया घातला, की पेशीतील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक भाग या एकाच विकराचा होतो. कोबाल्ट विकराच्या सक्रिय केंद्रासाठी लागते आणि यूरिया ते विकर तयार करण्याचा इशारा देतो. अशा रीतीने भरलेली पेशी वाढीच्या दृष्टीने निरुपयोगी, पण उत्प्रेरक म्हणून अतुलनीय असते. अ‍ॅक्रिलोनायट्राइल प्रथिनांना इजा करणारे द्रव्य असल्यामुळे ते थोडे थोडे सोडावे लागते आणि द्रावण बर्फाच्या तापमानाजवळ, दहा अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे लागते. एवढे सांभाळले की जवळजवळ सगळ्याच अ‍ॅक्रिलोनायट्राइलचे रूपांतर होते आणि वेगळे करण्यासारखे काही मागे राहत नाही. अ‍ॅक्रिलमाइड बाजारात पाण्यातील द्रावणाच्या रूपातच विकले जाते, त्यामुळे पाणी आटवण्याचा खर्चही टळतो. जनुके बदलण्याआधी निसर्गात शोध घ्यावा, हा धडा अलीकडे प्रयोगशाळांतून मागे पडत चालला आहे, आणि ते योग्य नाही. नायट्राइल हायड्रेटेज हेच विकर ३-सायनोपिरिडिनपासून निकोटिनमाइड हे ब गटातील जीवनसत्त्व बनवण्यासाठी चीनमधील ग्वांगझूजवळच्या एका कारखान्यातही वापरले गेले.

जिथे निसर्गात एकच पेशी सगळे काम करत नाही, तिथे मात्र अभियांत्रिकीला पर्याय नाही. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझ्मिडच्या, म्हणजे जिवाणूतील मुख्य गुणसूत्राहून स्वतंत्र अशा डीएनएच्या वर्तुळाच्या, साहाय्याने बाहेरून जोडलेले जनुक जिवाणूत चालवून दाखवले, तेव्हापासून ही वाट उघडली. तिचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण १,३-प्रोपेनडायॉलचे आहे. पॉलिएस्टर धागे व सौंदर्यप्रसाधने यांत वापरले जाणारे हे द्रव्य पूर्वी खनिज तेलापासून मिळे. साखरेपासून ग्लिसरॉल करणारे यीस्ट ठाऊक होते, ग्लिसरॉलपासून १,३-प्रोपेनडायॉल करणारा क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणूही ठाऊक होता, पण साखरेपासून थेट तिथवर जाणारा सजीव ठाऊक नव्हता. ड्यूपाँ आणि जेनेनकोर या अमेरिकी कंपन्यांच्या संशोधकांनी यीस्टमधील दोन आणि क्लेब्सिएलामधील काही जनुके ई. कोलायमध्ये एकत्र आणली.

पण जनुके आणणे हा कामाचा लहान भाग होता; मोठा भाग पेशीच्या सवयी बदलण्याचा होता. ई. कोलाय ग्लुकोज आत ओढून घेताना फॉस्फोइनॉलपायरुवेट नावाचे मौल्यवान मध्यवर्ती संयुग खर्च करतो, म्हणून ती यंत्रणा काढून साखर आत नेण्याची दुसरी, कमी खर्चिक सोय करावी लागली. तयार झालेले ग्लिसरॉल पेशीने स्वतःच खाऊन टाकू नये म्हणून त्या वाटेवरची जनुके काढली. साखरेचा प्रवाह पेशीच्या वाढीकडे जाण्याऐवजी ग्लिसरॉलकडे वळावा म्हणून ग्लायकोलिसिसमधील, म्हणजे ग्लुकोज तोडणाऱ्या अभिक्रियांच्या मालिकेतील, एका महत्त्वाच्या विकराचे प्रमाण कमी केले, पूर्ण बंद मात्र केले नाही, कारण पेशीला जगण्यापुरती ऊर्जा हवीच होती. ग्लिसरॉलचे निर्जलीकरण करणारे विकर ग्लिसरॉलमुळेच निकामी होत जाते, म्हणून त्याला पुन्हा कार्यक्षम करणाऱ्या प्रथिनांची जनुकेही सोबत आणावी लागली. त्या विकराला लागणारे जीवनसत्त्व ब-१२ ई. कोलाय मुळापासून बनवू शकत नसल्याने ते बाहेरून द्यावे लागले. शेवटच्या पायरीसाठी क्लेब्सिएलाचे विकर आणले होते, पण ई. कोलायमध्ये आधीपासूनच असलेले एक विकर तेच काम अधिक चांगले करते हे नंतर उघड झाले, आणि बाहेरचे जनुक काढून टाकण्यात आले.

या प्रयत्नांचे मोजमाप तीन अंकांनी होते, आणि हे तीन अंक या ग्रंथात वारंवार येतील : एका लिटर द्रवात किती ग्रॅम द्रव्य जमले ती सांद्रता, दर तासाला प्रत्येक लिटरमागे किती ग्रॅम बनले तो वेग, आणि वापरलेल्या साखरेच्या वजनाच्या किती टक्के द्रव्य मिळाले तो उतारा. १,३-प्रोपेनडायॉलच्या बाबतीत प्रसिद्ध झालेले आकडे अनुक्रमे १३५ ग्रॅम, ३.५ ग्रॅम आणि ५१ टक्के असे आहेत. अमेरिकेत टेनेसी राज्यातील लाउडन येथे २००६ मध्ये या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. एखाद्या प्रयोगशाळेने या तिन्हींपैकी एकच अंक मिरवला असेल, तर वाचकाने उरलेले दोन विचारावेत. बहुतेक अपयशे त्या न सांगितलेल्या अंकांत दडलेली असतात.

कधी कधी तिन्ही अंक समाधानकारक असूनही उद्योग उभा राहत नाही. बर्ट एन्स्ली आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले, की स्यूडोमोनासमधून घेतलेले नॅफ्थलीन ऑक्सिडाइझ करणारे विकर ई. कोलायमध्ये बसवले, तर जिवाणू निळा होतो. कारण त्याच्या स्वतःच्या एका विकराने ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनते, नव्या विकराने इंडोलचे ऑक्सिडीकरण होते आणि हवेच्या संपर्कात नीळ तयार होते. नीळ हे द्रव्य भारताच्या इतिहासात वेदनेने कोरलेले आहे. १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर बंगाल-बिहारमधील निळीची शेती कोसळत गेली, आणि चंपारणचा लढा त्या उतरत्या व्यवहाराच्या अखेरच्या काळातला आहे. जिवाणूंची नीळ कृत्रिम निळीची जागा घेईल अशी अपेक्षा होती, तांत्रिक प्रगतीही झाली, निळीत मिसळणारा तांबूस इंडिरुबिन हा रंग टाळण्यासाठी आणखी एक विकर बसवावे लागले; तरीही शंभर वर्षे घासूनपुसून स्वस्त झालेल्या रासायनिक पद्धतीपुढे ती उभी राहू शकली नाही. जैविक असणे हा गुण किमतीच्या हिशेबातून सूट मिळवून देत नाही.

पेशीच्या मर्यादांपैकी दोन येथे सांगणे आवश्यक आहे. पहिली विषाक्ततेची. टोल्यूइनसारखी कार्बनी द्रावके पेशीपटलात शिरून ते सैल करतात, आणि पेशी गळू लागते. आकिरा इनोउए आणि कोकी होरिकोशी यांनी १९८९ मध्ये टोल्यूइनच्या मोठ्या प्रमाणातही वाढणारा स्यूडोमोनासचा एक वाण वर्णिला, तेव्हा अशा सहनशीलतेला निसर्गातच आधार आहे हे कळले. पुढे द्रावक बाहेर फेकणारे पंप आणि पटलातील मेदाम्लांची बदललेली रचना ही त्यामागची कारणे उलगडली. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हवे ते द्रव्य बनवण्यात शक्ती घालवणारी पेशी हळू वाढते, आणि अपघाताने ते काम बंद पडलेली पेशी जलद वाढते. एका पेशीपासून एक लाख कोटी पेशी होण्यास चाळीस पिढ्या पुरतात, आणि छोट्या कुपीतून मोठ्या किण्वनपात्रापर्यंतचा प्रवास त्याहून लांब असतो; तेवढ्यात काम सोडलेल्या पेशींची संख्या वाढत जाऊन उत्पादन घसरते. यावर जनुके प्लाझ्मिडऐवजी मुख्य गुणसूत्रात बसवणे, वाढीचा आणि उत्पादनाचा काळ वेगळा ठेवून तापमानाने किंवा एखाद्या रसायनाने दुसरा काळ सुरू करणे असे उपाय आहेत. वाढ थांबवलेल्या पेशी वापरल्या तर हा प्रश्न उरतच नाही, कारण जिथे विभाजन नाही तिथे निवडही नाही. अ‍ॅक्रिलमाइडच्या पद्धतीचे बळ यातही आहे. याउलट हीच निवड माणसाच्या हेतूकडे वळवता येते. फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी १९९० च्या दशकात विकराच्या जनुकात मुद्दाम यादृच्छिक बदल करून, त्यातून सुधारलेली विकरे निवडून, पुन्हा बदल करण्याची पद्धत रूढ केली, आणि २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

या पद्धतींना सरसकट हरित म्हणण्याची प्रथा तपासून पाहिली पाहिजे. १८० ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण किण्वन झाले तरी ९२ ग्रॅम मद्यार्क मिळतो आणि उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन जातात. सहापैकी दोन कार्बन अणूंची ही हानी निसर्गनियमाने ठरलेली आहे. १,३-प्रोपेनडायॉलचा उत्कलनबिंदू २१४ अंश सेल्सिअस असल्यामुळे द्रावणातील सगळे पाणी आधी आटवावे लागते, आणि त्या उष्णतेचा हिशेब पर्यावरणाच्या लाभातून वजा करावा लागतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून आहे, पिंपरीतील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिनच्या निमित्ताने मोठी किण्वनपात्रे चालवण्याची विद्या या भागात रुजवली, आणि साखर कारखान्यांच्या मळीवर चालणाऱ्या मद्यार्काच्या आसवन्या राज्यात सर्वदूर आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बायोई-३ धोरणात जैविक रसायने व विकरे यांना स्थान आहे. जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांच्या वापरावर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांचे नियंत्रण आहे. उसाच्या साखरेवर नवी रसायने बनवण्याचे प्रस्ताव यापुढे वाढतील. त्यांचा विचार करताना ऊस पिकवण्यास लागणारे पाणी आणि आसवनीतून निघणारे गडद, सेंद्रिय भाराने जड असे सांडपाणी यांचा अनुभव या राज्याच्या गाठीशी आहे, आणि तो उपयोगी पडेल. साखर, तिच्यापासून मिळणारा उतारा, पाणी आणि उष्णता ही चारही खाती एकाच पानावर मांडण्याची सवय असलेले रसायनज्ञ व जीवशास्त्रज्ञ येथे घडावेत, या हेतूने पुढील प्रकरणांत प्रत्येक पद्धतीच्या जनुकांइतकाच तिच्या वस्तुमानाचा आणि ऊर्जेचा ताळेबंद दिला आहे.